गफूरचाचांची बुर्जी

बीडच्या फळबाजारात सीताफळ उतरू लागले आहे. पहाटे धारूरच्या डोंगराकडून टेम्पो येतात, पाट्या खाली उतरतात, वरचा पाला बाजूला होतो आणि अडत्याचा माणूस एकेक फळ हातात घेऊन पुन्हा जागेवर ठेवतो. तो फळ दाबत नाही. दाबले की ते बसते. तो फक्त डोळे बघतो. सीताफळाच्या अंगावरच्या खवल्यांमधली रेघ रुंदावून पिवळसर झाली, की इथे त्याला डोळा उघडला म्हणतात. डोळा उघडलेले फळ गावातल्या हातगाड्यांना जाते, अर्धा उघडलेले नगरला आणि मिटलेले पुण्याला.

दुपारपर्यंत हे सगळे आटपते. मग बाजारात एक रिकामा वेळ येतो. सौदे झालेले असतात, रात्रीच्या गाड्या भरायला अवकाश असतो, माश्या टाकलेल्या पाल्यावर बसलेल्या असतात आणि हमाल पोत्यांवर आडवे झालेले असतात. या रिकाम्या वेळात पूर्वी पत्र्याच्या शेडखाली बुद्धिबळ चाले. आता तिथे मोटारसायकली लावतात. एक बंद पडलेला वजनकाटा आहे, रिकाम्या क्रेटची रास आहे. परवा त्या शेडसमोर उभा होतो, तर एका तरुण हमालाने हटकले, "काय हुडकायलाव, साहेब?" काहीच शोधत नव्हतो. तरी उत्तर द्यायला वेळ लागला.

बातमीदाराला पहिल्या वर्षीच शिकवतात, की बातमीत कोण, काय, कुठे, केव्हा आणि कसे एवढे आले पाहिजे. या शेडमधल्या शेवटच्या मोठ्या लढतीची बातमी या सगळ्यासह छापून आली होती. तीत एकही चूक नव्हती. गफूरचाचांनी आपली गादी राखली, हे खरे होते. विठ्ठल गुरुजींनी त्यांना अखेरच्या डावापर्यंत झुंजवले, हेही खरे होते. सत्कार झाला, शाल दिली, आभार मानले. जे घडले ते मात्र त्या बातमीत नव्हते. कारण जे घडले ते लाजेचे होते, आणि लाजेसाठी पानावर रकाना नसतो.

गफूरचाचा सीताफळांचे व्यापारी. बाजारात शिरताना डाव्या हाताचा दुसरा गाळा त्यांचा. अंगाने सडपातळ, खांदे थोडे पुढे आलेले, पांढरी टोपी आणि पांढरा सदरा. सदरा सकाळी जसा तसाच दुपारी. दिवसभर फळांत वावरणाऱ्या माणसाचा सदरा इतका कोरा कसा राहतो, हा बाजारातला नेहमीचा विषय होता. "चाचा फळाला हात लावत न्हाईत, फळच त्येंच्या हाताला लागतं," असे हमाल म्हणत. फळबाजाराच्या बुद्धिबळाची गादी कैक हंगाम त्यांच्याकडे होती. दर वर्षी सीताफळाच्या दिवसांत कुणीतरी त्यांना आव्हान देई, पाच डावांची लढत होई आणि हंगाम संपायच्या आत ती चाचांनी जिंकलेली असे. हरलेल्याला ते उभे राहून सलाम करत आणि मग त्याला एक मोठे, डोळा उघडलेले सीताफळ देत. ते फळ खाताना बिया कुठे थुंकायच्या, हा प्रश्न हरलेल्याला पडे. सगळे बघत असत.

खेळ जुन्या पद्धतीचा होता. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई. घड्याळ नव्हते. बघणाऱ्यांना बोलायची मुभा होती आणि ते ती पुरेपूर घेत. मात कशाने दिली, यालाही प्रतवारी होती. वजिराने किंवा हत्तीने दिलेली मात साधी. प्याद्याने दिलेली मात सर्वांत मानाची, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. आणि एक नियम असा, की एखाद्याची सगळी मोहरी मारली गेली, पटावर त्याचा नुसता राजा उरला, की डाव तिथेच थांबे. त्याला बुर्जी म्हणत. बुर्जी म्हणजे बरोबरी. समोरच्याकडे अख्खी फौज उभी असली तरी बरोबरीच.

हा नियम कागदावर सौम्य वाटतो. हरणाऱ्याला अर्धा वाटा मिळतो, जिंकणाऱ्याने हावरेपणा केला तर त्याचे हातचे जाते. चाचांना मात्र या नियमाची किळस होती. समोरच्याचे शेवटचे मोहरे ते कधीच मारत नसत. ते मोहरे तसेच उभे ठेवून, त्याच्या आजूबाजूने वाट काढून, राजाला गाठत. यात वेळ जाई. पण घाई केलेली कुणाला आठवत नाही.

विठ्ठल गुरुजी आधी गुरुजी नव्हते. शिरूर कासारच्या बाजूला त्यांचे गाव. वडिलांच्या बांधावरची सीताफळे घेऊन ते डी.एड.ला असल्यापासून बाजारात येत आणि माल विकला की शेडखाली रेंगाळत. चाचांनी त्यांना खेळताना बघितले आणि आपल्यासमोर बसवून घेतले. एकदा ते एका टेम्पोवाल्याशी डाव मांडून बसले होते. जिंकत आले होते. टेम्पोवाल्याकडे राजा आणि एक प्यादे उरले होते, आणि विठ्ठलने त्या प्याद्याकडे हात नेला. मागून चाचांचा आवाज आला.

"कावून खातोस रे ते?"

"मिटवून टाकतो, चाचा. टेम्पो भरायचाय त्याला. बुर्जी होईल, त्याला बरोबरी मिळंल, खुश होईल."

"खुश?" चाचा टेम्पोवाल्याकडे वळले. "तू खुश होशील काय बे?"

टेम्पोवाला म्हणाला, "मी हरलो तर चालंल चाचा, पर लवकर हरवा म्हणावं. डिझेल जळायलंय."

सगळे हसले. चाचाही हसले. मग विठ्ठलच्या शेजारी उकिडवे बसत म्हणाले, "मानसाच्या अंगावर एकच सदरा हाय. तो काडून घ्यायचा आन् म्हणायचं, जा बाबा, तुला सोडलं. मात घाल. मात घातली तर तो उठून घरी जाईल. बुर्जी केली तर हितंच बसून राहील."

विठ्ठलने मात दिली. टेम्पोवाला उठून गेला.

नंतर विठ्ठलला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली. दिवाळीनंतर आईबापांबरोबर अर्धा वर्ग ऊसतोडीला जाई, उरलेल्या अर्ध्यांना घेऊन ते गणित शिकवत आणि शनिवारी दुपारी पट मांडत. दर हंगामात बीडला येऊन चाचांशी एक-दोन डाव खेळत, हरत, चहा पिऊन जात. गादीसाठी ते कधी उभे राहिले नव्हते. कुणी विचारले तर म्हणत, "उस्तादांना कसं आव्हान द्यायचं?" हे चाचांच्या कानावर गेले, तेव्हा ते म्हणाले, "मग काय मी मेल्यावर माझ्या खुर्चीला देणार?"

त्या हंगामात गुरुजींनी आव्हान दिले. चाचांनीच ते द्यायला लावले, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. त्या वर्षी पाऊस परतीला चांगला झाला होता आणि फळ मोठे होते. चाचांचा उजवा हात मात्र थरथरू लागला होता. फळ उचलताना अंगठा जरा जास्त दाबला जाई आणि सालीवर काळा ठसा उमटे. मुलगा सलीम न बोलता ते फळ बाजूला काढी. लढतीआधी चाचांनी शेडखाली सगळ्यांना सांगितले, "हा माझा शेवटचा हंगाम. गादी कुनाला तरी देऊन जायची हाय. मला ती कुनाच्या तरी हातात द्यायची हाय, समजलं का? कोनाड्यात ठेवायची न्हाई."

हे सगळ्यांनी ऐकले. बाजारातल्या मोठ्या अडत्याने, नानांनी, ते ऐकले आणि सत्काराची तयारी सुरू केली.

आपल्याकडे एखाद्या माणसाबद्दल आदर वाटला, की आपण आधी त्याचा फ्लेक्स छापतो. नानांनीही छापला. मधोमध चाचांचा फोटो, वर ठळक अक्षरांत 'अजिंक्य उस्ताद', खाली शुभेच्छुकांचे फोटो दाटीने. तो शेवटच्या डावाच्या दिवशीच आला. डाव अजून संपायचा होता, म्हणून शेडच्या दोन खांबांना वरून बांधून खालचा भाग गुंडाळून ठेवला होता. त्यामुळे डाव चालू असताना चाचांच्या डोक्यावर 'अजिंक्य' एवढेच दिसत होते.

लढत बरोबरीत आली होती. शेवटचा डाव गुरुजींनी जिंकला तर गादी त्यांची. बरोबरी झाली तर प्रथेप्रमाणे गादी जुन्या धन्याकडे. चाचांकडे काळी मोहरी, गुरुजींकडे लाल. पहिला तास चाचा चांगले खेळले. मग एका चालीला हत्ती उचलताना त्यांचा हात हलला, हत्ती आडवा झाला, घरंगळला. चाचांनी तो उचलून ठेवला, पण शेजारच्या घरात. बोलायची मुभा असलेल्या त्या गर्दीत कुणी बोलले नाही. गुरुजींनी हलकेच तो हत्ती मूळ घरात सरकवला, आणि चाचांनी ते बघितले. पुढच्या तीन-चार चालींत चाचांचा डाव ढासळला. हात हलल्यामुळे नव्हे. तो हत्ती दुसऱ्याने सरळ करून ठेवल्यामुळे, असे तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजाची वेळ झाली. चाचा उठून मशिदीकडे गेले. डाव तसाच ठेवून सगळे चहाच्या टपरीकडे सरकले. नानांनी गुरुजींना बाजूला घेतले. बाजूला म्हणजे चार पावलांवर, कारण बाजारात त्याहून जास्त बाजू नसते. सगळ्यांना ऐकू येत होते.

"गुरुजी, डाव लई भारी चाललाय तुमचा."

"हां."

"चाचांचं वय झालं."

"माझंबी व्हायलंय, नाना."

"तसं न्हाई. तुमाला अजून लई हंगाम हायत. त्येंचा हा एकच."

"मग काय हरू म्हणता?"

"छे! हरा कोन म्हणतंय? हरू नका. जितू नका, एवढंच."

मागून एकजण म्हणाला, "आन् फ्लेक्स छापून आलाय की!" सगळे मोकळेपणाने हसले. गुरुजीही हसले. दुसरा म्हणाला, "त्यावर अजिंक्य लिवलंय. आता काय खडूनं खोडायचं?" पुन्हा हसू. मग सगळे गप्प झाले आणि त्या गप्प बसण्यात एक विनंती होती. ती नुसती नानांची नव्हती. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाची होती, आणि ती चांगुलपणाची होती. त्या वेळी आम्हाला सगळ्यांना आपण चांगले आहोत असे वाटत होते. शरमेच्या गोष्टी बहुतेक वेळा अशाच मनःस्थितीत होतात.

चाचा परत आले. नमाजाआधीच्या वजूचे पाणी अजून कोपरांवर होते. बसण्याआधी त्यांनी पट नीट बघितला आणि गुरुजींना म्हणाले, आवाज मुद्दाम न उतरवता, "इठ्ठल, डाव माझा गेलाय. मला दिसतंय. आता नीट मार. लोकांसमोर उगी खेळवू नको मला."

"खेळा चाचा," गुरुजी म्हणाले.

पुढे काय झाले ते सांगणे सोपे आहे. एकेक करून चाचांची मोहरी पडली. त्यांच्याकडे राजा आणि एक प्यादे उरले. गुरुजींच्या घोड्याने शह दिला. चाचांचा राजा कोपऱ्यात गेला. त्याच्या पुढ्यात त्याचेच ते एकुलते काळे प्यादे उभे होते, आणि त्या प्याद्याच्या तिरक्या समोर गुरुजींचे लाल प्यादे. आता चाल गुरुजींची. लाल प्यादे एक घर सरळ पुढे सरकवले की मात. तीही प्याद्याने दिलेली, बाजारातली सर्वांत मानाची. तेच लाल प्यादे तिरके नेऊन काळे प्यादे मारले, की चाचांचा राजा एकटा, म्हणजे बुर्जी. सरळ गेले तर गादी गुरुजींची. तिरके गेले तर चाचांची. एकच प्यादे, एकच चाल.

शेडमधल्या प्रत्येकाला दोन्ही वाटा दिसत होत्या. हमालांनाही. चाचांनी आपला उजवा हात डाव्या हाताने मांडीवर धरून ठेवला होता आणि ते वाट बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. थोडी उत्सुकता होती. आपल्या हाताखाली तयार झालेला माणूस ही चाल कशी करतो, बोटाने सरकवतो की उचलून ठेवतो, एवढेच बघायचे उरले होते असा तो चेहरा होता.

गुरुजी बराच वेळ बसून राहिले. मग त्यांनी प्यादे उचलले आणि तिरके नेले. काळे प्यादे पटाबाहेर ठेवताना त्याचा आवाज झाला नाही.

मग नाना ओरडले, "बुर्जी! गादी चाचांची!" आणि टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळे होते. दोरी सुटली, फ्लेक्स उलगडत खाली आला, कुणीतरी हलगीवाल्याला आधीच सांगून ठेवले होते तो वाजवू लागला. चाचा अर्धे उठले. मात झाली असती तर त्यांनी सलाम केला असता, पण मात झाली नव्हती. जिंकले असते तर फळ दिले असते, पण ते जिंकले नव्हते. काय करायचे ते न कळून ते पुन्हा खाली बसले. समोर चौसष्ट घरांत त्यांचा राजा एकटा उभा होता आणि भोवती लाल मोहरी. गुरुजी वाकून पाया पडले. चाचांनी पाय मागे घेतले नाहीत आणि डोक्यावर हातही ठेवला नाही.

फोटो छापून आला तो शाल पांघरल्यानंतरचा. कलते ऊन, पत्र्याखाली अजून उकाडा, आणि चाचांनी दोन्ही हातांनी शाल गळ्याशी घट्ट आवळून धरली आहे. फोटोखाली ओळ होती: सत्काराला उत्तर देताना गफूरभाई. उत्तर त्यांनी दिले नव्हते.

हंगाम येतात-जातात. पुढच्या वर्षी कुणीतरी आंतरराष्ट्रीय नियम आणा म्हणाले, प्लास्टिकचे पट आणि घड्याळ आले, सामने शाळेच्या सभागृहात गेले. तिथे बोलायची मुभा नाही. बुर्जीही नाही. राजा एकटा उरला तरी त्याला मात होईपर्यंत खेळावे लागते आणि मुलांना त्यात काही वावगे वाटत नाही. मुले फोनवर अनोळखी माणसांशी खेळतात, हरतात, पुढचा डाव लावतात. कुणाला सोडायचे, कुणाचा मान राखायचा हे प्रश्नच त्यांना पडत नाहीत. यात काही हरवले असे म्हणणारे बाजारात आहेत. असेल. पण आपण एकमेकांचा मान राखायला निघतो तेव्हा समोरच्याने काय मागितले होते ते ऐकत नाही, एवढे तरी त्या सभागृहात होत नाही. चाचांनी दोनदा मागितले होते. एकदा लढतीआधी, एकदा नमाजाहून परतल्यावर. स्पष्ट शब्दांत, चारचौघांत. ते ऐकू न येणाऱ्यांत नाना होते, हमाल होते, वर्तमानपत्र होते. सगळ्यांत चांगले ऐकू आले होते ते गुरुजींना, आणि चाल करण्याची वेळ नेमकी त्यांच्यावर आली होती.

चाचा गेले त्यालाही आता काही हंगाम झाले. गाळा सलीम बघतो. फ्लेक्स बरेच दिवस पाट्या झाकायला वापरात होता. एका कोपऱ्यावर चाचांचा अर्धा चेहरा असे आणि मग तो भाग सलीमने कापून काढला. विठ्ठल गुरुजी नंतर कुठल्याही लढतीला बसले नाहीत. भेटले की शाळेचे विचारावे, ते शाळेचे सांगतात. एकदा म्हणाले, "पोरं हुशार हायत. फक्त शेवट करायला कचरतात." मग विषय बदलला.

त्या डावाची दुसरी सकाळ मात्र छापली गेली नाही. सौदे सुरू व्हायच्या आधी चाचांच्या गाळ्यावर गेलो होतो, सत्काराबद्दल त्यांचे दोन शब्द घ्यायला. चाचा गाळ्यात एकटे होते. उपड्या क्रेटवर पट मांडला होता आणि त्यावर डाव लावलेला होता, कालचा, शेवटच्या चालीच्या आधीचा. काळे प्यादे पुन्हा आपल्या जागी उभे होते. "बसा पेपरवाले," ते म्हणाले. थोड्या वेळाने बाहेर मोटारसायकल थांबली. गुरुजी आत आले. डोळे सुजलेले होते. त्यांनी पट बघितला आणि उभेच राहिले.

"शाळा न्हाई का आज?" चाचांनी विचारले.

"हाय. जाता जाता आलो."

"बस."

गुरुजी समोर बसले. चाचांनी लाल प्याद्याकडे बोट दाखवले.

"ही मात होती."

"हां चाचा."

"मग कावून सोडली?"

बाहेर टेम्पोचा पाठीमागचा फाळका पडल्याचा आवाज आला. गुरुजींनी मान खाली घातली. खरे सांगायचे तर नानांचे नाव घ्यावे लागले असते, फ्लेक्सचे, चहाच्या टपरीवरच्या हसण्याचे, आणि सगळ्यांत शेवटी चाचांच्या हाताचे. ते म्हणाले, "दिसली न्हाई, चाचा."

"दिसली न्हाई?"

"न्हाई. घाईत प्यादं दिसलं आन् मारलं. चूक झाली."

"खरं?"

"खरं."

गाळ्यात तिघे होतो. ही गोष्ट खोटी आहे हे दोघांना माहीत होते. तिसऱ्याला माहीत होते की नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कळले असते. पण तिकडे बघायचे धाडस आम्हा दोघांपैकी कुणाला झाले नाही.

मग चाचांचा आवाज आला तो अगदी नेहमीचा, शेडखाली नवशिक्यांशी बोलतानाचा.

"मग ठीक हाय. रातभर मला वाटत होतं, दिसून सोडलीस. दिसून सोडली असती तर त्याला माझ्याकडं काही इलाज नव्हता. दिसली न्हाई, तर शिकवता येतं." त्यांनी क्रेट थोडा पुढे ओढला. "हिकडं सरक. बघ आता. माझा राजा कुटं हाय?"

"कोपऱ्यात."

"ह्या घरावर नजर कुनाची?"

"माझ्या घोड्याची."

"आन् ह्या?"

"माझ्या राजाची."

"आन् हितं?"

"तुमचं प्यादं आडवं हाय."

"माझंच प्यादं मला आडवं. मग मी जातो कुटं?"

वर्गात आपल्यासमोर पोरे जशी बसतात तसे गुरुजी बसले होते, हात गुडघ्यांमध्ये धरून. चाचांनी उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता आणि त्यांनी तो लपवला नाही. लाल प्याद्यावर बोट ठेवले, आणि कडेला न भिडता, शेजारच्या मोहऱ्याला न लागता, ते सरळ एक घर पुढे सरकवून त्यांनी स्वतःच्या राजाला मात दिली.

"अशी," ते म्हणाले. "दिसली का आता?"

"दिसली, चाचा," गुरुजी म्हणाले.